कीपार्ला: रोजच्या बोलण्यातली इटालियन तपासायची असेल तर

‘आ मे मि प्याचे’ (मला आवडतं) म्हणजे एकाच वाक्यात ‘मला’ दोनदा. इटलीतल्या शाळांत ही चूक म्हणून लाल शाईने खोडतात, आणि खोडणारे स्वतः बोलताना ती सर्रास करतात. ती कोण करतं, कुठल्या शहरात, कोणाशी बोलताना, हे व्याकरणाच्या पुस्तकातून कळायला मार्ग नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रित बोलणं लागतं आणि त्या बोलण्याला बोलणाऱ्याची माहिती जोडलेली लागते. कीपार्ला ही नेमकी तशी सेवा आहे: बोलोन्या आणि तोरीनो इथल्या विद्यापीठांतल्या भाषाभ्यासकांनी उभारलेला बोलक्या इटालियनचा कॉर्पस, म्हणजे भाषेच्या खऱ्या नमुन्यांचा साठा, जो इंटरनेटवर फुकट शोधता येतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. उत्तर इटलीतल्या आजच्या बोलण्याची वाक्यरचना तपासायला फुकटात याहून चांगलं साधन सापडणं कठीण. दक्षिणेसाठी ते अपुरं आहे, उच्चारांच्या बारीक मापनासाठी गैरसोयीचं आहे, आणि शोधखिडकीतून आलेले कच्चे आकडे जसेच्या तसे छापले तर हमखास तोंडघशी पाडणारं आहे.

कॉर्पस एकजिनसी नाही, भागाभागांनी वाढत गेलेला आहे. पहिला भाग किप. बोलोन्या आणि तोरीनो या दोन्ही शहरांत २०१६ ते २०१९ या काळात ध्वनिमुद्रित केलेलं, सुमारे ७० तासांचं, विद्यापीठाच्या परिसरातलं बोलणं. पण ‘विद्यापीठातलं’ म्हणजे एकसुरी नव्हे. त्यात वर्गातली व्याख्यानं आहेत, तोंडी परीक्षा आहेत, विद्यार्थी प्राध्यापकांना ठरलेल्या वेळी भेटतात ती संभाषणं आहेत, मुलाखती आहेत आणि विद्यार्थ्यांच्या आपसातल्या मोकळ्या गप्पाही आहेत. दुसरा भाग पार्लातो. हा फक्त तोरीनोचा, सुमारे ५० तासांचा, आणि यात वेगवेगळ्या वयाचे, शिक्षणाचे आणि व्यवसायांचे लोक आहेत. पुढे बोलोन्या शहराचा पार्लाबो आला, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांचा कीपास्ती आला, परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्यांच्या इटालियनसाठीही भाग जोडले गेले. यादी वाढती असल्यामुळे कुठला भाग आणि कधी पाहिला हे टिपून ठेवलंच पाहिजे. सहा महिन्यांनी तोच शोध पुन्हा केला आणि आकडा बदलला, तर दोष आपला की कॉर्पस वाढला, हे कळायला दुसरा उपाय नाही.

प्रत्येक संभाषणाला माहितीची चिठ्ठी जोडलेली आहे: प्रकार कोणता, माणसं किती, विषय आधी ठरलेला की मोकळा, बोलणाऱ्यांचं नातं बरोबरीचं की वर-खाली. प्रत्येक बोलणाऱ्याला सांकेतिक क्रमांक आहे आणि त्याच्यापुढे वयोगट, लिंग, व्यवसाय, प्रदेश. नावं बदललेली आहेत. या सगळ्यात सोन्याची गोष्ट म्हणजे नात्याची नोंद. जुन्या बोलक्या कॉर्पसांत ‘औपचारिक’ आणि ‘अनौपचारिक’ असे दोन डबे असायचे आणि कुठलं बोलणं कुठल्या डब्यात जातं हे संपादक ठरवायचे. इथे प्राध्यापकासमोरचा विद्यार्थी आणि मित्रासमोरचा विद्यार्थी यांतला फरक चिठ्ठीतच आहे, तो डबा आपण आपला बनवायचा.

हे इतकं महत्त्वाचं का, ते इटालियनच्या इतिहासात आहे. १८६१ साली देश एक झाला तेव्हा इटालियन बोलणारे किती होते यावर वाद आहे. भाषाभ्यासक तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज जेमतेम अडीच टक्क्यांचा, तर आर्रिगो कास्तेल्लानी यांचा दहा टक्क्यांच्या आसपासचा. कुठलाही धरला तरी बाकीची जनता आपापल्या बोलीत जगत होती. प्रमाण इटालियन आधी लिहिली गेली, घराघरात फार उशिरा बोलली गेली. १९५४ साली दूरचित्रवाणी आली, १९६२च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सगळ्यांना एकसारखं झालं, तेव्हा कुठे ती घरात शिरली. इस्तात या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या २०१५च्या पाहणीत घरात मुख्यतः इटालियन बोलणारे ४५.९ टक्के, इटालियन आणि बोली दोन्ही वापरणारे ३२.२ टक्के आणि मुख्यतः बोलीच बोलणारे १४.१ टक्के निघाले. बोलींच्या अंगाखांद्यावर वाढलेली ही बोलकी इटालियन पुस्तकी इटालियनपेक्षा वेगळी असणार, यात नवल नाही. भाषाभ्यासक फ्रान्चेस्को साबातीनी यांनी १९८५ साली तिला ‘मध्यम वापराची इटालियन’ म्हटलं, गाएतानो बेर्रूतो यांनी १९८७ साली ‘नव-प्रमाण इटालियन’. प्रदेश, समाजस्तर, प्रसंग आणि माध्यम (बोलणं की लिहिणं) या चार अक्षांवर ती सरकते, ही मांडणी इटलीत आता पाठ्यपुस्तकांत गेली आहे.

आता जगाच्या नकाशाकडे. भाषाप्रकारविज्ञानाची मंडळी जगभरच्या भाषांची रचना तुलनेला घेतात तेव्हा सहसा लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेच्या वॉल्स या नकाशासंग्रहाकडे वळतात. तो २००५ साली छापून आला, २००८ पासून इंटरनेटवर फुकट आहे, आणि त्यात अडीच हजारांहून जास्त भाषांच्या नोंदी आहेत. त्यात इटालियन म्हणजे एक ठिपका. काही बोलींचे वेगळे ठिपके आहेत, पण त्यांच्यापुढचे बहुतेक रकाने रिकामे. या एका ठिपक्यात कोणाची इटालियन भरली आहे? साहजिकच व्याकरणग्रंथांतली. बोलणाऱ्यांची इटालियन अनेक रकान्यांत वेगळ्या घरात बसते, आणि ते दाखवायला कीपार्लासारखं साधन हवं. या सेवेचा खरा उपयोग इथे आहे. ‘तरुण पिढी कशी बोलते’ छापाच्या टिपणांसाठी ती वापरणं म्हणजे तलवारीने भाजी चिरणं.

‘के’ आणि ‘चि’: सगळ्यात फळ देणारा शोध

‘जिच्याशी मी बोललो ती मुलगी’ हे पुस्तकी इटालियनमध्ये ‘ला रागात्सा कोन कुइ ओ पार्लातो’. इथे ‘कोन कुइ’ म्हणजे ‘जिच्याशी’, विभक्तीचा अर्थ सांगणारं संबंधी सर्वनाम. बोलताना ऐकू येतं ते असं: ‘ला रागात्सा के चि ओ पार्लातो’. ‘के’ हा नुसता जोडणारा शब्द, आणि ‘तिच्याशी’ हे काम पुढचा छोटा ‘चि’ करतो. (या लेखातली उदाहरणं नेहमीच्या धाटणीची आहेत, कॉर्पसमधली अवतरणं नव्हेत.)

वॉल्समधलं १२२वं प्रकरण कर्त्याबद्दलच्या संबंधी उपवाक्यांचं आहे. त्यातल्या १६६ भाषांपैकी संबंधी सर्वनामाची पद्धत वापरणाऱ्या फक्त १२, आणि त्या जवळपास सगळ्या युरोपातल्या. म्हणजे शाळा जे शुद्ध म्हणून शिकवते ते जगाच्या पाठीवर दुर्मीळ, आणि ‘अडाणी’ म्हणून हिणवलेली ‘के’ अधिक सर्वनाम ही पद्धत, निदान कर्त्यापलीकडच्या कारकांत, त्याहून जास्त भाषांच्या ओळखीची. कीनन आणि कॉमरी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडलेली उतरंड इथे कामाला येते: कर्ता, कर्म, संप्रदान, मग इतर कारकं, मग षष्ठी. उतरंडीत जितकं खाली जावं तितकं सर्वनाम पुन्हा ठेवण्याची शक्यता वाढते. म्हणून कर्त्याच्या वाक्यात ‘के’ पुरतो, खालच्या पायऱ्यांवर ‘चि’, ‘ने’, ‘ल्यि’ डोकावतात. मराठी वाचकाला दोन पद्धती एकाच भाषेत असणं नवीन नाही. आपणही ‘जी मुलगी काल आली ती’ आणि ‘काल आलेली मुलगी’ दोन्ही बोलतो, आणि नकाशावर एकाच ठिपक्यात दोन्ही मावत नाहीत.

शोध कसा करावा? कीपार्ला नोस्केच एंजिन या शोधप्रणालीवर चालतं. ती स्केच एंजिनची मुक्त आवृत्ती. संदर्भासह शब्द दाखवणं, गाळणं, वारंवारता काढणं, यादृच्छिक नमुना घेणं हे सगळं जमतं, मात्र मूळ सशुल्क आवृत्तीतले शब्दचित्र (एखाद्या शब्दासोबत कुठले शब्द येतात याचा गोषवारा) किंवा समानार्थी शब्दांचा कोश नाहीत. साध्या शोधखिडकीत ‘के’ टाकलं तर हजारो ओळी येतात आणि काही हाती लागत नाही, कारण ‘की’ या अर्थाचा, ‘काय’ या अर्थाचा आणि ‘पेक्षा’ या अर्थाचा ‘के’ सगळे एकत्र येतात. म्हणून प्रगत शोधाची भाषा निवडायची आणि ‘के’नंतर लगेच किंवा एक-दोन शब्द सोडून ‘चि’ येतो अशी अट घालायची. सुरुवात ‘चि’पासूनच करावी. ‘लो’, ‘ला’, ‘ले’, ‘ल्यि’ ही सर्वनामं असतात तशी (इंग्रजीतल्या ‘द’सारखी) उपपदंही असतात, त्यांच्या मागे लागलात तर आठवडा ‘विद्यार्थी’ आणि ‘गोष्टी’ अशा नामांपुढची उपपदं गाळण्यात जाईल. ‘चि’ उपपद नसतं.

तरीही पहिल्या फेरीत कचरा भरपूर येतो. ‘आहे’ या अर्थाचे ‘चे’ आणि ‘चि सोनो’, ‘होतं’ या अर्थाचा ‘चेरा’ हे आधी वजा करायचे. अपॉस्ट्रॉफीने (वरच्या स्वल्पविरामाने) जोडलेली रूपं साठ्यात एक शब्द म्हणून आहेत की दोन म्हणून, हे दोन्ही प्रकारे शोधून पाहावं, नाहीतर ‘चो’ (माझ्याकडे आहे) हा नव-प्रमाण इटालियनचा लाडका आकार पूर्णच निसटतो. दुसरी गाळणी हाताने: ‘तो म्हणतो की तिथे जातो’ अशा वाक्यात ‘के’ आणि ‘चि’ शेजारी असतात पण संबंधी उपवाक्य नसतं. ‘के’च्या डावीकडे नाम आहे का आणि ‘चि’ त्या नामाकडे बोट दाखवतो का, हे दोन प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायचे. उरलेल्या ओळींपुढे उतरंडीतली पायरी लिहायची.

आणि इथे बहुतेक जण थांबतात, तीच चूक. ‘के’ अधिक ‘चि’ असे पन्नास दाखले सापडले या वाक्याला काही अर्थ नाही, जोपर्यंत त्याच लोकांनी त्याच प्रसंगांत ‘कोन कुइ’, ‘इन कुइ’, ‘आ कुइ’ किंवा ‘क्वाले’ची रूपं किती वेळा वापरली ते मोजलेलं नाही. अमेरिकन भाषाभ्यासक विल्यम लबोव यांच्यापासून समाजभाषाविज्ञानातला हा पहिला नियम आहे: पर्याय जिथे आला तेच नव्हे, तर जिथे येऊ शकला असता पण आला नाही तेही मोजा. ‘कुइ’ शोधणं सोपं आहे, कारण तो शब्द दुसऱ्या कामाला फारसा येत नाही. तिसरा पर्यायही विसरू नये: नुसता ‘के’, सर्वनाम नाहीच. ‘इल जोर्नो के सोनो आर्रिव्हातो’ (मी आलो तो दिवस) यासारखी कालवाचक वाक्यं. ती तर आता पुस्तकी लिखाणातही चालतात, त्यामुळे त्यांचा वेगळा गठ्ठा करावा, नाहीतर ‘अशुद्ध’ पर्यायाचं प्रमाण फुगतं.

मीका

‘नॉन ए मीका शेमो’ म्हणजे ‘तो काही वेडा नाही’. ऐकणाऱ्याच्या मनात असेल असं वाटणारी समजूत खोडण्याचं काम ‘मीका’ करतो, मराठीत हे काम अशा ठिकाणी ‘काही’ करतो. मूळ अर्थ कण, तुकडा. नकाराला जोर द्यायला आलेला किरकोळ वस्तूचा शब्द हळूहळू स्वतःच नकार होऊन बसतो. फ्रेंचमधल्या ‘पा’चं (मूळ अर्थ पाऊल) तेच झालं. या चक्राला डॅनिश अभ्यासक येस्पर्सन यांचं नाव आहे. तोरीनोच्या आसपासच्या पिएमोन्तेसे बोलीत तर नकार क्रियापदानंतरच येतो, ‘नेन’ म्हणून. त्यामुळे उत्तरेकडच्या इटालियनमध्ये ‘नॉन’ गाळून ‘ए मीका व्हेरो’ (हे काही खरं नाही) असं ऐकू येतं, तेव्हा वॉल्सच्या नकारक्रमाच्या नकाशावर ती वाक्यं प्रमाण इटालियनच्या ठिपक्याच्या रंगाशी जुळत नाहीत.

शोध शब्दाचा आहे म्हणून सोपा वाटतो. आलेल्या ओळी आधी डाव्या बाजूला पाच शब्दांच्या आत ‘नॉन’ आहे की नाही यावर विभागायच्या. पण बोलक्या साठ्यात वेगवेगळ्या माणसांच्या ओळी एकमेकींत गुंतलेल्या असतात. डावीकडे दिसणारा ‘नॉन’ दुसऱ्याच माणसाने मध्येच म्हटलेला असू शकतो, आणि मग क्रियापदानंतरचा निखळ ‘मीका’ चुकून दुहेरी नकारात जमा होतो. म्हणून बोलणाऱ्याचा क्रमांक जुळतोय का ते ओळीगणिक पाहणं भाग आहे.

‘नॉन’ नसलेला गठ्ठा पुन्हा तीन ठिकाणी जातो. ‘मीका माले’ (वाईट नाही), ‘मीका तान्तो’ (फारसं नाही) असे क्रियापदाविना तुकडे बाजूला. ‘मीका ए व्हेरो’, म्हणजे क्रियापदाच्या आधीचा ‘मीका’, वेगळा. हा उत्तरेपुरता नाही, आणि त्यात नकार क्रियापदाच्या आधीच राहतो, त्यामुळे प्रकारविज्ञानाच्या दृष्टीने काही हलत नाही. उरलेला खरा माल क्रियापदानंतरचा. त्यातही एक सापळा आहे. ‘आई मीका ऊना पेन्ना?’ म्हणजे ‘तुझ्याकडे एखादं पेन आहे का?’ असा विनयाचा प्रश्न. यात नकारच नाही! हे प्रश्न वेगळे केले नाहीत तर उत्तरेत नकार क्रियापदामागे सरकतोय असा दणदणीत आणि खोटा निष्कर्ष निघतो. लिहून काढलेल्या बोलण्यात प्रश्नचिन्ह चढत्या सुरासाठी असतं, व्याकरणातल्या प्रश्नासाठी नव्हे. तेव्हा चिन्हावर भिस्त न ठेवता ध्वनी ऐकावा. संयुक्त काळात ‘मीका’ सहायक क्रियापद आणि कृदंत यांच्या मध्ये बसतो, त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करावी.

तक्त्यात रकाने किमान इतके: बोलणाऱ्याचा क्रमांक, शहर, वयोगट, मूळ प्रदेश, संभाषणाचा प्रकार, नातं बरोबरीचं की नाही, ‘नॉन’ आहे की नाही, ‘मीका’ची जागा, वाक्य विधान की प्रश्न, आणि शेवटी कोणती समजूत खोडली जाते आहे याची चार शब्दांत नोंद. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. एका ओळीच्या संदर्भावर तो भरता येत नाही, मागच्या अर्ध्या मिनिटाचं बोलणं वाचावं लागतं.

बाकीचे लाडके विषय

‘ल्यि’ हे ‘त्याला’ या अर्थाचं सर्वनाम ‘तिला’ आणि ‘त्यांना’साठीही वापरलं जातं, नव-प्रमाण इटालियनची ही एक जुनी ओळखखूण. अडचण अशी की हेच रूप अनेकवचनी उपपदही आहे. ‘ल्यि’नंतर ‘ओ’, ‘आ’, ‘दीको’, ‘दीचे’, ‘फाच्चो’ अशी नेहमीची क्रियापदरूपं येतील अशी अट घातली की उपपदं बरीचशी गळतात. मात्र ‘ल्यि ओ देत्तो’मधला ‘ल्यि’ पुरुष, बाई की माणसांचा घोळका, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. संभाषण मागे वाचत जायचं, आणि दहा ओळी मागे जाऊनही कळलं नाही तर ‘अनिश्चित’ असं लिहून पुढे जायचं. अनिश्चितांना पुरुषांत ढकलू नये.

‘पिउत्तोस्तो के’चा मूळ अर्थ ‘त्याऐवजी’, पण उत्तरेत तो ‘किंवा’सारखा, यादी करायला वापरला जातो. या वापराविरुद्ध आक्कादेमिआ देल्ला क्रूस्का या भाषासंस्थेने बरंच लिहिलं आहे. एका यादीत दोन-तीन वेळा आला तर शंका नाही. एकदाच आला तर मात्र ‘मासे सोडून मटण’ की ‘मासे किंवा मटण’ हे ऐकूनही ठरत नाही, तिथे तिसरा गठ्ठा ठेवावा. विकल्प दाखवणाऱ्या शब्दांची जगभरची तुलना करणाऱ्यांना हा विषय आवडतो, कारण पसंती दाखवणारा शब्द विकल्पाकडे सरकताना डोळ्यांदेखत दिसतो.

दक्षिणेत माणसासारख्या कर्माच्या आधी ‘आ’ लागतो: ‘ओ व्हिस्तो आ मारिया’. मराठीत ‘मी पुस्तक पाहिलं’ पण ‘मी मारियाला पाहिलं’, तोच हा प्रकार, आणि स्पॅनिश, रुमानियन, सार्दिनियन या भगिनीभाषांत तो निरनिराळ्या रूपांत आहे. फिआतच्या (फियाट) मोटार कारखान्यांमुळे १९५० आणि ६०च्या दशकांत दक्षिणेतून लाखो माणसं तोरीनोला आली, त्यामुळे पार्लातोमध्ये तो शोधून पाहण्यासारखा आहे. पण अपेक्षा माफक ठेवा. ‘आ मे नॉन मि कोन्व्हिन्चे’ (मला पटत नाही) अशा वाक्यातला सुरुवातीचा ‘आ मे’ उत्तरेतही ऐकू येतो आणि तो ठळकपणे विषय पुढे ठेवण्याचा भाग असतो. क्रियापदानंतरचं, सुराने न तोडलेलं, विशेषनाम असलेलं कर्म हीच खरी कसोटी.

इथूनच या सेवेची मोठी उणीव सुरू होते. मुख्य दोन्ही शहरं उत्तरेतली. बोलोन्याच्या विद्यापीठात देशभरातून विद्यार्थी येतात म्हणून किपमध्ये दक्षिणेतल्या सिसिलीचा किंवा पुल्या प्रांताचा माणूस सापडतो हे खरं, पण तो घरापासून दूर, उत्तरेतल्या मित्रांत, बऱ्याचदा मायक्रोफोनसमोर बोलतो आहे. त्याच्या तोंडी साधा भूतकाळ (‘व्हीदी’, मी पाहिलं) कमी आला तर सिसिलीतही तो कमी झाला असं म्हणता येत नाही. उत्तरेत ‘ओ व्हिस्तो’ने साध्या भूतकाळाला बोलण्यातून जवळपास हाकललं आहे, दक्षिणेत तसं झालेलं नाही, या सीमेचा अभ्यास इथे होणार नाही. तसंच किपमधली जवळपास सगळी माणसं विद्यापीठाशी जोडलेली. कमी शिकलेल्यांची, बोलीतून इटालियनकडे आलेल्यांची ‘लोकांची इटालियन’ हवी असेल तर पार्लातोमधल्या ज्येष्ठांकडे जावं लागतं.

दुसरी गोष्ट सेवेच्या दोषापेक्षा वापरणाऱ्यांच्या सवयीची. शोधप्रणाली दर दशलक्ष शब्दांमागे वारंवारता दाखवते आणि तो आकडा भलता शास्त्रीय दिसतो. व्याख्यानात एकटा प्राध्यापक तासभर बोलतो, गप्पांत चार जण पाच-पाच मिनिटं. एकाच प्राध्यापकाला ‘पिउत्तोस्तो के’ची सवय असेल तर ‘व्याख्यानांत हा वापर जास्त’ असा निष्कर्ष फुकट मिळतो! म्हणून दर वेळी वारंवारता बोलणाऱ्याच्या क्रमांकानुसार मोडून पाहायची. एका माणसाकडून एकूण दाखल्यांच्या पाचव्या हिश्शाहून जास्त येत असतील तर त्याला वगळून पुन्हा मोजावं. एकूण दाखले तीसच्या खाली असतील तर टक्केवारी काढूच नये, संख्या लिहाव्यात.

लिप्यंतराबद्दल, म्हणजे बोलणं लिहून काढण्याबद्दल, मात्र तक्रारीला जागा नाही. संभाषण-विश्लेषणात रूढ असलेली जेफरसन यांची चिन्हपद्धत थोडी सोपी करून वापरली आहे: एकमेकांवर चढलेलं बोलणं चौकटी कंसात, लांबवलेला स्वर विसर्गासारख्या दोन टिंबांनी, छोटा थांबा कंसातल्या टिंबाने, अर्धवट तुटलेला शब्द आडव्या रेघेने. साध्या लेखनातलं लिप्यंतरही आहे. शोधासाठी साधं वापरा, निर्णयासाठी चिन्हांचं. ध्वनी आणि लिखाण एलान या फुकट प्रणालीत जुळवलेलं असल्यामुळे हवी ती ओळ निवडून ऐकता येते, प्रत्येक बोलणाऱ्याची पट्टी वेगळी दिसते. चिन्हांचा तक्ता छापून टेबलावर ठेवावा, पहिले दोन दिवस तो सतत लागतो.

ध्वनिमुद्रणं खऱ्याखुऱ्या जागांतली आहेत. वाक्यरचना, लय, उच्चारांतले ठळक फरक ऐकायला ती चांगली. स्वरांची कंपनं मोजायला, कुजबुजीतला व्यंजनाचा फरक पकडायला नाहीत. त्यासाठी क्लिप्स हा संग्रह आहे: १५ शहरं, सुमारे १०० तास, दक्षिणेतली शहरंही त्यात. काळाची तुलना करायची तर मिलान, फ्लोरेन्स, रोम आणि नेपल्समध्ये १९९० ते १९९२ या काळात ध्वनिमुद्रित झालेला, सुमारे ४,९०,००० शब्दांचा लिप आहे. पण लिपची चार शहरं आणि किपची दोन यांत एकही सामायिक नाही. दोघांत फरक दिसला तर तो पंचवीस वर्षांचा की शहरांचा, हे सांगायला कुठलाही आकडेशास्त्री तुमच्या मदतीला येणार नाही. शहराशी फारसा न बांधलेला विषय, उदाहरणार्थ कर्ता म्हणून ‘एल्यि’ऐवजी ‘लुइ’ (दोन्हींचा अर्थ ‘तो’), निवडला तर तुलना थोडीफार चालते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना इथे एक उलट फरक जाणवेल. तिथे गावांचं जाळं दाट आणि बरीच सामग्री ठरावीक प्रश्न विचारून मिळवलेली. इथे मुख्य शहरं दोनच, पण बोलणं माणसामाणसांतलं. कर्मामागचा ‘ला’ कुठे लागतो हे गावोगाव विचारून कळतं. तो मित्राशी बोलताना आणि साहेबाशी बोलताना बदलतो का, हे कळायला दुसरा प्रकार लागतो.

वापराचा परवाना व्यापारी उपयोगाला मनाई करणारा आहे, आणि साहित्य पुढे वाटायचं तर त्याच अटींवर. शिकवणीच्या सशुल्क ॲपमध्ये ध्वनीचे तुकडे घालण्याचा विचार असेल तर तो इथेच सोडावा. वर्गात ऐकवायला, प्रबंधात उद्धृत करायला हरकत नाही. उद्धृत करताना संभाषणाचा क्रमांक, बोलणाऱ्याचा क्रमांक आणि भागाचं नाव, तिन्ही द्यायचे. इटालियन वाचण्याची मध्यम पातळी हवीच, कारण ओळींची गाळणी यंत्र करत नाही. नवशिक्याने ‘मीका’ घ्यावा, ‘के’ नव्हे: ओळी कमी येतात, सापळे मोजके आहेत, आणि तक्ता आठवड्याभरात हातावेगळा होतो.